ब्रेकचा लाल दिवा विझतो आणि पुन्हा लागतो: कॅम्पर आणि ट्रॅव्हलर गाड्यांसाठी समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. दिवा लागला, बोनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल टाकलं, विझला. पंधरा दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा टाकलं. असं तीन-चारदा झालं की मालक म्हणतो, "ही गाडी ऑइल खाते."

ब्रेक ऑइल गाडी खात नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, हे जळत नाही. डबीपासून चाकापर्यंतचा सगळा मार्ग बंद आहे. पातळी उतरली तर ऑइल दोनच ठिकाणी गेलेलं असतं: चाकाची चकती दाबणारे पॅड झिजून त्यांना ढकलणारा पिस्टन पुढे सरकला तर त्याच्या मागच्या पोकळीत, नाहीतर बाहेर. वरून ओतून दिवा विझवला की यातलं नेमकं काय झालं हे कळायची एकमेव खूण आपण पुसून टाकतो. म्हणून या लेखातली पहिली सूचना अशी: कारण सापडेपर्यंत टॉपअप करू नका. गाडी गॅरेजपर्यंत न्यायलाच हवी असेल तर किमान रेषेच्या जरा वर येईल एवढंच टाका, आणि किती मिली टाकलं ते लिहून ठेवा.

ट्रॅव्हलर मिनीबसच्या चॅसीवर बांधलेले कॅम्पर (आत राहायची सोय असलेल्या गाड्या), पिकअपवर केबिन चढवलेल्या गाड्या, गावोगाव जाणारे फिरते दवाखाने, या सगळ्यांना हे लागू आहे. त्यांचे दोष सारखे असतात, कारण सवयी सारख्या: कायम भरलेलं वजन, महिनोन्‌महिने उभी गाडी, आणि नंतर जोडलेली वायरिंग.

कोणता दिवा, कधी लागतो

लाल दिवा म्हणजे वर्तुळात उद्‌गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस. तो हँडब्रेक, ऑइलची पातळी आणि काही गाड्यांत पॅडची झीज दाखवतो. एबीएस अक्षरांचा पिवळा दिवा वेगळा. तो एकटा लागला तर साधा ब्रेक चालतो, फक्त चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा बंद असते. दोन्ही एकत्र लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरते. हळू चालवा, आणि थेट गॅरेजला.

लाल दिव्याबरोबर पेडल खोल जात असेल किंवा स्पंजासारखं दबत असेल तर गाडी तिथेच उभी करायची. "गावापर्यंत जाऊ हळूहळू" हा विचार करायचा नाही.

चावी ऑन केल्यावर दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत. पिवळा तीन-चार सेकंदांत विझतो, लाल हँडब्रेक सोडल्यावर. सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून पाहा, कारण दिव्याची कटकट नको म्हणून मीटरमधला बल्बच काढून ठेवलेल्या गाड्या बाजारात आहेत. आणि काही जुन्या गाड्यांत ब्रेकचा दिवा बॅटरीच्या दिव्यासोबत मिणमिणता लागतो. तिथे ब्रेकला हात लावू नका, आधी अल्टरनेटर तपासा.

दहा मिनिटांची चाचणी

हँडब्रेक सोडा आणि दांडी हाताने आणखी खाली दाबा. दिवा विझला तर दोष दांडीच्या बुडाशी असलेल्या स्विचमध्ये आहे. त्याचा टिकल्याएवढा प्लंजर धुळीने अडकतो किंवा पट्टी वाकते. साफ करा, पट्टी सरळ करा, झालं. दांडी चार ते सात टकटकीत घट्ट बसायला हवी. दहा-बारा लागत असतील तर केबल सैल आहे किंवा मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) संपत आलेत.

दिवा तसाच राहिला तर स्विचचं कपलर (वायरचा प्लग) काढा. बऱ्याच गाड्यांत ही वायर बॉडीला अर्थ होऊन दिवा लावते, त्यामुळे कपलर काढताच तो विझायला हवा. नाही विझला तर ते परत लावून बोनेटखाली डबीवरचं कपलर काढा. आता विझला तर एकतर पातळी कमी आहे, नाहीतर डबीतला फ्लोट अडकलाय. दोन्ही कपलर काढूनही दिवा चालू असेल तर वायर कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडलीय. (नव्या संगणकी मीटरच्या गाड्यांत उलटही होतं, कपलर काढल्याने दिवा लागतो. तिथे मल्टीमीटर लावा: फ्लोट वर आणि खाली असताना स्विचची जोडणी बदलली पाहिजे.)

फ्लोट म्हणजे चुंबक बसवलेला छोटा तरंगता तुकडा. जुन्या ऑइलचा गाळ बसला की तो बुडाला चिकटतो. डबी काठोकाठ भरलेली आणि दिवा चालूच, असं दिसलं की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीला हलकं ठोका. विझला तर ऑइल बदलायची वेळ कधीच होऊन गेलीय.

फक्त घाट उतरताना, वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल तर पातळी अगदी किमान रेषेवर आहे. गाडी पुढे झुकते, ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाऊन येणाऱ्यांना हा दिवा परतीच्या उतारावरच दिसतो आणि खाली सपाटीला आल्यावर गायब होतो. तो खोटा नसतो, बाकीच्यांपेक्षा आठवडाभर आधी सांगत असतो.

पातळी उतरली: झीज की गळती

झाकण उघडण्याआधी डबीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. कपाशीच्या वखराची माती आत पडली तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो तो) रबरांवर सँडपेपरसारखं काम करते. मग डबीला बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून पातळीवर पेनने रेघ मारा आणि किलोमीटर लिहा. सगळं निदान या पट्टीवर चालतं.

झीज असेल तर रेघ सावकाश उतरते, हजारो किलोमीटरमध्ये. हिशेब करून बघा. पुढच्या कॅलिपरचा (पॅड धरणाऱ्या पकडीचा) पिस्टन ६० मिमीचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटिमीटर. दोन्ही पॅड ८-८ मिमी झिजले म्हणजे पिस्टन १६ मिमी बाहेर आला. एका चाकामागे ४५ मिली, दोन चाकांचे ९० मिली. एवढं ऑइल डबीतून उतरूनही एक थेंब सांडलेला नसतो. आता पॅड तसेच ठेवून डबी काठोकाठ भरली तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की तेच ९० मिली झाकणातून बाहेर येऊन बोनेटखालचा रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, कोरड्या फडक्याने नुसतं पसरतं.

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी माल असतो. ३ मिमी उरला की बदला. आतला आणि बाहेरचा दोन्ही पाहा. बाहेरचा ६ मिमी आणि आतला २ मिमी असं दिसलं तर कॅलिपरच्या स्लाइड पिना जाम आहेत. त्या काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅड घालणं म्हणजे पैसे वाया.

कॅम्परमध्ये पुढचे पॅड अवाजवी लवकर संपण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार थोड्या गॅरेजमध्ये पाहिलं जातं. मागच्या अॅक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागचं वजन किती यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. बॉडी बांधल्यावर मागून गाडी बसते म्हणून मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा टाकतात. गाडी उचलली जाते, व्हॉल्व्हची दांडी रिकाम्या गाडीच्या जागेवर येते, आणि प्रत्यक्षात शंभर लिटरची पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस, सगळं मागे लादलेलं असताना मागचा ब्रेक अर्धवट लागतो. सगळा भार पुढच्या चाकांवर. पॅड संपतात, पातळी उतरते, दिवा लागतो. पाटा टाकला की कंपनीच्या मापाप्रमाणे ही दांडी पुन्हा बसवून घ्या. मिस्त्रीने तारेने बांधून ठेवली असेल तर आधी ती तार तोडा.

गळती शोधायची तर कुठे

आठवड्यात बोटभर पातळी उतरली तर ती झीज नव्हे. गाडीखाली पुठ्ठे पसरून रात्रभर उभी करा आणि सकाळी पाहा.

सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार मागचा व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर, निघतो. ड्रमच्या आत असल्याने थेंब लगेच बाहेर येत नाही. टायरच्या आतल्या बाजूला काळा ओला ओघळ दिसला की ड्रम उघडा. सिलिंडरच्या रबरी टोपीची कडा स्क्रूड्रायव्हरने अलगद उचला. आत ओलं आहे म्हणजे कप (आतली रबरी सीलं) गेले. "भाऊ, किट टाकून देतो, काम होऊन जाईन" असं ऐकायला मिळेल, म्हणजे फक्त रबरं नवी. किट टाकायला हरकत नाही, पण आधी सिलिंडर आतून पुसून नखाने चाचपा. नख अडकलं, खड्डे लागले, तर नवं रबर दोन महिन्यांत कापलं जाणार. मग पूर्ण सिलिंडरच घ्या, आणि दोन्ही बाजूंचे एकदम. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, तापवून परत घालतात. ते करू नका. ते ऑइल मालात मुरलेलं असतं, पहिल्या गरम ब्रेकला वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

दुसरी जागा मास्टर सिलिंडर. त्याचं मागचं सील गेलं तर ऑइल थेट बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या मागच्या डब्यात) जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. सगळी चाकं कोरडी, पुठ्ठा कोरडा, तरी पातळी उतरते, अशा वेळी मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो पाइप न काढता सेंटिमीटरभर पुढे ओढा. मागचा भाग ओला असेल तर उत्तर मिळालं. पेडलची परीक्षाही करा: इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पंप मारा, मग जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर आतले कप गेलेत किंवा कुठेतरी गळती आहे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक.

तिसरी जागा ब्रेकमध्ये नसतेच. अनेक गाड्यांत क्लचचं ऑइल ब्रेकच्याच डबीतून जातं. डबीच्या बाजूला, थोडी वर, बोटाएवढी रबरी नळी क्लचकडे जाताना दिसेल. क्लचचा खालचा सिलिंडर गळत असेल तर ब्रेकचा दिवा लागतो आणि चारही चाकं उघडून काहीच सापडत नाही. गिअर खरखरत पडतात का, क्लच पेडल सकाळी खाली राहतं का, हे विचारा. ब्रेकचं पूर्ण काम करून बिल झाल्यावर क्लचमध्ये दोष निघाला, हे या दिव्याचं सगळ्यात महाग निदान.

उरलेलं चटकन पाहून घ्या: चाकापाशी रबरी होज वळवून भेगा, चॅसीवरच्या लोखंडी पाइपच्या क्लिपांखाली गंज, आणि बॉडी बांधताना पाइपला लागून मारलेले स्क्रू.

ऑइल कोणतं, कधी, आणि काय कधीच नाही

डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ताज्या डॉट ३ ची उकळण्याची किमान मर्यादा २०५ अंश, डॉट ४ ची २३० अंश. पण ३.७ टक्के पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, आणि पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काही न करताच ते पाणी गोळा करते. मग मे महिन्यात, अकोला-चंद्रपूरकडे सावलीतच ४५ अंश असताना, लांब उतारावर कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पेडल फळीपर्यंत जातं. साडेतीन टनांची गाडी चिखलदऱ्याच्या घाटातून सातशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात साधारण ऐंशी लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकवर टाकायची की गिअरवर, हे आपण ठरवतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही घालवून बसतात.

दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण बदला. लिटरभर पुरतं. सीलबंद बाटलीच घ्या. गॅरेजच्या फळीवर उघडी पडलेली अर्धी बाटली नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल किंवा डिझेल चुकूनही डबीत गेलं तर रबरं फुगतात. ब्रेक लागलेलेच राहतात आणि आधी एक, मग सगळी सीलं जातात. संशय आला तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन डबीतले चार थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाईल. वर तवंग तरंगला तर गाडी चालवू नका. अशा गाडीला नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळी रबरं, होज आणि मास्टर सिलिंडर बदलावा लागतो.

ऑइल बदलल्यावर किंवा पाइप उघडल्यावर आत शिरलेली हवा काढावी लागते. ती काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तोच. निपलला (चाकामागच्या हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) रिंग पाना लावा, दुतोंडी पान्याने कोपरे झिजतात. पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल अर्धा फेरा उघडून बंद करतो, त्यानंतरच आतल्याने पाय उचलायचा. "दाब", "धरला", "सोड" एवढे तीनच शब्द बोलायचे. दर आठ-दहा पंपांनी डबी भरा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

पिवळा दिवा

२०१९ नंतरच्या बहुतेक गाड्यांत एबीएस आहे. गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारे स्वस्तातले ओबीडी रीडर फक्त इंजिनचे कोड वाचतात, त्यामुळे "कोड काहीच नाही" यावर विश्वास ठेवू नका. एबीएस वाचणारा स्कॅनर पाहिजे. तो नेमकं कोणतं चाक ते सांगतो.

चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दोन तारांचा, जुन्या पद्धतीचा असेल तर कपलर काढून ओहममध्ये मोजा. साधारण १,००० ते २,००० ओहम येतात. डाव्या-उजव्याची तुलना करा. एकीकडे अनंत आलं तर तार तुटली. नव्या गाड्यांतला सक्रिय सेन्सर ओहममध्ये मोजता येत नाही, तिथे कपलरवर पुरवठा येतो का ते पाहा.

पावसाळ्यात शेतरस्त्याने गेल्यावर दिवा लागला तर आधी चाक काढून धुवा. काळ्या मातीचा चिखल सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यामध्ये भरतो आणि वाळला की विटेसारखा होतो. जेटचा मारा थेट कपलरवर नको, साध्या पाण्याने भिजवून ब्रशने काढा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाची कीस चिकटलेली असते, तीही पुसा.

हब बेअरिंग बदलल्यापासूनच दिवा लागत असेल तर बेअरिंग उलटं बसलं असण्याची शक्यता मोठी. नव्या पद्धतीत रिंग बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय असते, ती बाजू सेन्सरकडे हवी. ठोकण्याआधी दोन्ही बाजूंना पेपरची पिन लावून बघा: जिला चिकटते ती आतली. तसंच एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर लावला तर त्या चाकाचा वेग वेगळा वाचला जातो आणि एबीएसचं मॉड्यूल (त्याचा संगणक) ते दोष म्हणून धरतं.

कॅम्परमध्ये मात्र सेन्सरआधी व्होल्टेज पाहा. घरातली, म्हणजे पंखा-फ्रीजची बॅटरी गाडीच्या बॅटरीला जोडलेली असते. सकाळी स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं की मॉड्यूल रुसतं, दिवा लागतो आणि गाडी बंद-चालू केल्यावर जातो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. बॅटरीच्या ऋण टोकापासून चॅसीपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थचा बोल्ट काढून गंज खरवडा. काम झाल्यावर काही गाड्यांत दिवा उभ्याने जात नाही, वीसेकच्या वेगाने थोडं चालवावं लागतं.

मोठ्या बसच्या चॅसीवर एअर ब्रेक असतो, तिथला दिवा आणि बझर हवेच्या दाबाचा. साधारण ४ ते ५ बारच्या खाली तो वाजतो. टाक्यांचे ड्रेन रोज ओढून पाणी काढा आणि इंजिन बंद करून काटा किती उतरतो ते पाहा.

गाडी उभी करताना, आणि सोबत काय

जून ते सप्टेंबर गाडी अंगणात उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला चिकटतात, केबल आवरणात गंजते, आणि दसऱ्याला गाडी काढताना दांडी सुटते पण चाक सुटत नाही. गिअरमध्ये ठेवा आणि दोन चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावा. शेजारी तूर-सोयाबीनची पोती असतील तर उंदीर येणारच. सेन्सरच्या तारा बोनेटखालून जातात तिथे एकदा टॉर्च मारा.

परतवाडा सोडून धारणीकडे किंवा आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे जायचं असेल तर सुटे भाग मिळतील या भरवशावर राहू नका. डॉट ४ ची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली, मागच्या दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, एक पुढची होज, दोन निपल, निपलच्या मापाचा रिंग पाना, दीड फूट पारदर्शक नळी आणि चिकटपट्टी. हे सगळं एका बुटाच्या खोक्यात मावतं.